हिरवी कानाची, गुलाबी तोंडाची

माझा धाकटा भाऊ कॅनडात वेबसाइटी बनवतो. हे वाक्य मी पाठच करून ठेवलं होतं, कारण आचोळ्याला आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी ना कोणी विचारायचंच. वेबसाइट म्हणजे नक्की काय, असं कोणी पुढे विचारलं की गॅसवर दूध ठेवलंय म्हणून मी आत जायची. दिवसातून किती वेळा दूध तापवता, असं समोरच्या वहिनींनी एकदा विचारलं होतं.

मी लहानपणापासूनच लाजरी. शाळेत हजेरीला माझं नाव आलं की शेजारची मुलगी मला कोपराने ढोसायची, तेव्हा कुठे माझ्या तोंडून ‘हजर’ निघायचं. माहेर अर्नाळ्याचं, घरची होडी. चौथी झाली आणि भावाचा जन्म झाला. आई मासळीची टोपली घेऊन विरारच्या बाजाराला जायची, त्यामुळे पाळण्याची दोरी माझ्या हातात आली. शाळा सुटल्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. हजेरी सुटली, याचंच बरं वाटलं. फक्त एक झालं. तेव्हा इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. म्हणजे एबीसीडी शाळेत शिरायच्या आदल्या वर्षी मी शाळेतून बाहेर पडले.

ज्याला मी झोके दिले तो शिकला, मुंबईला नोकरीला लागला, आणि दोन हजार सालानंतर कॅनडाला गेला. जाताना त्याने मला एक छोटा मोबाइल घेऊन दिला. दर रविवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा. तो मला बाय म्हणतो, आमच्यात मोठ्या बहिणीला तसंच म्हणतात. जेवणखाण, थंडी, आईचा गुडघा एवढं बोलून झालं की तो म्हणायचा, “बाय, आता आजची युक्ती ऐक.”

या युक्त्या म्हणजे त्याच्या कामात त्याला सापडलेल्या किंवा सहज लक्षात आलेल्या गोष्टी असायच्या. काही माझ्या उपयोगाच्या, काही नुसत्या ऐकायच्या. दोन नंबरचं बटण दाबून धरलं की नंबर न लावता थेट त्यालाच फोन जाईल, ही पहिली. ती मला इतकी आवडली की एक नंबर कोणाला दिलास म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, एक नंबर कंपनीने स्वतःकडे ठेवलाय, माझ्यावर रागवू नको. मग एकदा म्हणाला, थंडीत मोबाइलची बॅटरी लवकर उतरते असं त्याला कळलंय, म्हणून तो आता फोन शर्टाच्या आत, अंगाच्या उबेला ठेवतो. मी म्हटलं, आपल्या आईचं पाकीट जन्मभर तिथेच आहे, तिला कोणी वेबसाइट शिकवली नव्हती. तो इतका हसला की फोन तुटला असं मला वाटलं.

इंग्रजी अक्षरं त्याने मला फोनवरूनच शिकवली, तीही आकारांवरून. जे म्हणजे गळ. ओ म्हणजे जाळ्याचा पाण्यावर तरंगणारा गोल बोया. व्ही म्हणजे समोरून येणारी होडी. ए म्हणजे शीड, मधे आडवी काठी लावलेलं. एक्स म्हणजे जाळ्याची गाठ. शाळेतल्या बाई असं शिकवत्या तर मी हजेरीही जोरात दिली असती. काही अक्षरांना अर्नाळ्यात काही सापडेना. डब्ल्यूला तो म्हणाला, दोन होड्या एकमेकींना चिकटून उभ्या. क्यूला दोघांनीही हात टेकले, अजून तो मला परकाच वाटतो.

एक युक्ती आईपर्यंत पोहोचली. मी माहेरी गेले होते आणि बोंबील धुवायच्या पाण्यात माझा मोबाइल पडला. मी घाबरून रडायच्या बेतात. आईने तो उचलला, पदराला पुसला, आणि बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगले होते त्यांच्याच ओळीत दोऱ्याने बांधून टाकला. दोन बोंबील, मोबाइल, पुन्हा बोंबील. शेजारच्या घरून मी भावाला फोन लावला. तो म्हणाला, आधी बॅटरी काढा, मग तांदळाच्या डब्यात पुरून ठेवा, तांदूळ ओल ओढून घेतो, ही सगळ्यांना माहीत असलेली युक्ती आहे. आम्ही तसं केलं. फोन चालू झाला. भावाने श्रेय तांदळाला दिलं आणि आईने उन्हाला. “माझ्या वलांडीवर काय सुकलं नाय असं झालंच नाय,” असं ती अजून सांगते. पावसाळा येईपर्यंत त्या फोनला वास होता. बसमध्ये फोन वाजला की लोक मागे वळून बघायचे, आणि ते आवाजाने नव्हे.

या सगळ्यात मला मनापासून आवडलेली युक्ती मात्र वेगळी होती. तो एकदा सुट्टीवर आला तेव्हा मला आचोळे रोडच्या सायबर कॅफेत घेऊन गेला. गल्फमधून परतलेले एक वसईचे गृहस्थ तो चालवायचे, सगळे त्यांना अंकल म्हणायचे. प्लायवूडच्या छोट्या खोपटांमधून एकेक कॉम्प्युटर, वर पंखा, भिंतीवर येशूचं चित्र आणि त्याखाली ‘खाद्यपदार्थ आणू नये’ अशी पाटी. भावाने मला मराठीत चार शब्द लिहून दाखवले, मग सगळे पुसून टाकले. मला वाटलं गेले. त्याने दोन बटणं एकदम दाबली आणि ते शब्द जागच्या जागी परत आले. म्हणाला, काहीही चुकलं तरी मागे घेता येतं.

मी त्याला ते पुन्हा पुन्हा करायला लावलं. मी बोलत नाही ते मला बोलायचं नसतं म्हणून नाही. तोंडातून एकदा निघालं आणि चुकलं तर काय, याची मला धास्ती वाटते. इथे चुकीला परतीची वाट होती. त्यानंतर महिन्यातून एखाद्या दुपारी, गर्दी नसताना, मी एकटी तिथे जाऊ लागले. अंकल काही न विचारता कोपऱ्यातली जागा द्यायचे. मी भावाला दोन ओळी लिहायची. लिहायची, पुसायची, परत आणायची, आणि मग पाठवायची. आमचे हे म्हणायचे, आता घरात बोलायचं असेल तर मीही तिथूनच लिहून पाठवू का. हे स्वतःही मोजकंच बोलतात. आमच्या घरी टीव्ही नसता तर शेजाऱ्यांना वाटलं असतं की फ्लॅट बंद आहे.

मग भावाला मुलगा झाला.

कळल्यावर आई वलांडीपाशी उभी राहून रडली आणि हसली, आणि तिने लगेच पहिला प्रश्न केला, बारशाला नाव कोण ठेवणार. हा प्रश्न तिच्यासाठी साधा नव्हता. भावाच्या स्वतःच्या बारशाला आमची आत्या साडीवरून रुसून आली नव्हती. पाळणा सजलेला, बाया जमलेल्या, आणि कानात नाव सांगायला आत्या नाही. शेवटी समोरच्या घरातल्या एका बाईला पुढे करून काम उरकलं. मी तेव्हा दाराशी उभी होते. आईचं तोंड मला आठवतं. माझ्या पोराच्या कानात परक्या बाईने नाव सांगितलं, हे ती पुढे कितीतरी वर्षं म्हणत राहिली, भाऊ कॅनडाला पोहोचला तरी.

बाळाला आत्या एकच, ती मी. आणि मी इथे.

भावाने रविवारी सांगितलं, त्याने सगळा विचार केलाय. सायबर कॅफेत कॅमेरा आहे, माइक असलेला हेडफोन आहे. मी इथून बोलायचं, तिकडे त्याने हेडफोन बाळाच्या कानाला लावायचा. म्हणजे नाव मोठ्याने कोणाला ऐकू जाणार नाही, आत्याच्या तोंडातून थेट बाळाच्या कानात. अगदी पद्धतीप्रमाणे. इथली संध्याकाळ म्हणजे तिथली सकाळ, बाळ अंघोळ करून ताजं असेल. आणि मग अगदी मायेने तो म्हणाला, “बाय, तुला कॅमेऱ्यासमोर जमणार नसेल तर मनाला लावून घेऊ नको. इथे शेजारी एक मराठी ताई आहेत. ज्यांची आत्या येऊ शकत नाही त्यांच्याकडे त्याच आत्या होतात.”

मी म्हटलं, जमेल. म्हटलं आणि मग हातातल्या फोनकडे बघत बसले. ते शब्द मागे घ्यायचं बटण त्याला नव्हतं.

बाळाचं नाव त्याने मला आधीच सांगून ठेवलं, फक्त मला. यांनी चहा पिता पिता दोनदा आडून विचारलं. शेवटी म्हणाले, निदान पहिलं अक्षर गळ आहे की बोया, तेवढं तरी सांग. मी सांगितलं नाही. घरात कोणी नसताना मी सराव करायची. उशी मांडीवर घेऊन तिच्या टोकाशी वाकायचं, ‘कुर्र’ म्हणायचं, आणि मग नाव. उशीने कधी चूक काढली नाही.

बारशाच्या आधी एका दुपारी भावाने कॅफेत माझी परीक्षा घेतली. तो तिथल्या पहाटे उठून बसला होता. कॅमेऱ्यात स्वतःला पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी पदराने तोंड झाकलं, तर पडद्यावरच्या बाईनेही झाकलं. मग युक्त्यांचा नुसता पाऊस. ट्यूबलाइट पाठीमागे नको, नाहीतर चेहरा काळा दिसतो. चमचमती साडी नको, चित्र फाटतं. माइक ओठांच्या समोर नको, हनुवटीच्या बाजूला, दोन बोटं खाली, नाहीतर श्वासाचा वारा सुटल्यासारखा आवाज जातो. मी ‘कुर्र’ म्हणून दाखवलं तेव्हा तिकडे त्याने कानावरचा हेडफोन उडवून दिला. म्हणाला, वादळात होडी उलटली असं वाटलं. मग माइक बाजूला घेऊन पुन्हा केलं, तेव्हा तो डोळे मिटून ऐकत राहिला.

शेवटी त्याने मला टेबलाखाली वाकायला लावलं. अंकल करतील ना, मी म्हटलं. तो म्हणाला, आणि अंकल तिथे नसले तर? कॉम्प्युटरच्या डब्याच्या मागे लहान लहान भोकं होती, हिरवं, गुलाबी, निळं. हेडफोनच्या वायरीला दोन टोकं, एक हिरवं आणि एक गुलाबी. “हिरवी कानाची, गुलाबी तोंडाची,” तो म्हणाला, “निळीकडे बघायचंच नाही.” मी दोन्ही उपटून दोन्ही पुन्हा लावली. मग अंकलने टोकं पुन्हा उपटली आणि मला एकटीने लावायला सांगितली. तीही लावली.

बारशाच्या दिवशी अर्नाळ्याहून आई आली, तिच्याबरोबर चुलती आणि गल्लीतल्या चार बाया. विरारपर्यंत बस, तिथून रिक्षा, सगळ्या नेसूनसवरून, गजरे माळून. आईच्या पिशवीत वरवंटा होता. पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा घालतात ना, म्हणून तिने तो घासून, हळदकुंकू लावून, लोकरीचं टोपडं घालून आणला होता. बाळ कॅनडात असलं म्हणून वरवंट्याने का येऊ नये, असं तिचं म्हणणं. चुलतीकडे घुगऱ्यांचा भला मोठा डबा. अंकल आधी टोपडं घातलेल्या वरवंट्याकडे, मग डब्याकडे आणि मग भिंतीवरच्या पाटीकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, डबा बाहेर माझ्या टेबलावर ठेवा, मी सांभाळतो. सांभाळता सांभाळता त्यांनी किती खाल्ल्या ते चुलतीने जाताना डबा हलवून बघितलं.

एका माणसाच्या खोपटात आम्ही सात जणी शिरलो. मी खुर्चीवर, आई माझ्या खांद्याशी वरवंटा कडेवर घेऊन, बाकीच्या मागे भिंतीला चिकटून. दार बंद होईना. यांना आत जागाच नव्हती, ते रस्त्यावर रिक्षावाल्याशी बोलत उभे होते. शेजारच्या खोपटांत कॉलेजची मुलं होती, ती प्लायवूडवरून डोकावत होती. नाव मी मनात धरून ठेवलं होतं, सांडू नये म्हणून.

चित्र लागलं. भाऊ दिसला, त्याच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, बाजूला भावजय. आणि भावजयीच्या पलीकडे हिरव्या साडीत, नथ घालून, एक हसऱ्या चेहऱ्याच्या बाई. त्या शेजारच्या ताई. मला कळलं की त्या तयारीने आल्यात. आईलाही कळलं. तिचा हात माझ्या खांद्यावर होता, तो घट्ट झाला.

भावाने मोठा हेडफोन बाळाच्या कानाशी धरला, इतका मोठा की बाळाचं अर्धं डोकं त्यात गेलं. आमच्या बायांनी पाळण्याचं गाणं म्हटलं, हळू, कारण अंकलने विनंती केली होती. मग भावाने मान हलवली. मी माइक हनुवटीच्या बाजूला घेतला, दोन बोटं खाली, आणि म्हणाले, “कुर्र…”

आमच्याकडे आत्याने बाळाच्या कानात कुर्र केलं की मागच्या बायांनी तिच्या पाठीत बुक्के घालायचे असतात. जितके जोरात तितकी मजा. हे मला माहीत होतं, भावाला माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. पण इतकी तयारी करताना आम्हा दोघांच्याही डोक्यात ते आलं नाही. ट्यूबलाइटचा विचार केला, साडीचा केला, श्वासाचा केला. पाठीचा केला नाही.

पाच-सहा कोळणींचे बुक्के एकदम पाठीत बसले. टोपल्या उचलून घट्ट झालेले हात ते. मी टेबलावर जाऊन आदळले, डोक्यावरचा हेडफोन पुढे उडाला, आणि पुढे उडताना वायर ओढली गेली. त्याच धक्क्यात माझ्या तोंडून बाळाचं नाव निघालं. निघालं ते कुठे गेलं कोणास ठाऊक. पडद्यावर भाऊ स्वतःच्या कानाकडे बोट दाखवत होता आणि त्याचे ओठ हलत होते, पण आवाज शून्य. बाया हसत होत्या, झालं झालं म्हणून एकमेकींना हळदकुंकू लावायला लागल्या होत्या.

मी म्हटलं, झालं नाही, वायर निघाली. चुलतीने लगेच सांगितलं की कुर्र एकदा झालं ते झालं, ते दोनदा करत नाहीत, असं आपल्यात चालत नाही. आई तिच्याकडे वळली. वरवंटा अजून तिच्या कडेवर होता.

“पोराच्या कानात गेलंच नाय,” ती म्हणाली, “तर नाव ठेवलं कोनी? या टेबलाचं ठेवलं?”

बाहेरून अंकल ओरडून विचारत होते की वायर कोणाच्या पायात आली, पण दारात बाया उभ्या होत्या, त्यांना आत पाय ठेवता येईना. पडद्यावर मी बघितलं. भाऊ हेडफोन स्वतःच्या कानाला लावून त्याच्याकडची बटणं दाबून बघत होता. बाळ आता भावजयीकडे होतं आणि चुळबुळ करत होतं. आणि हिरव्या साडीतल्या बाई पुढे सरकल्या होत्या.

मी हेडफोन गळ्यात अडकवला, पदर खोचला आणि टेबलाखाली गेले. माझी पाठ कॅमेऱ्याला, म्हणजे कॅनडाला काय दिसत असेल हे माझ्या मनात आलं आणि तसंच गेलं. खाली अंधार. हाताला दोन टोकं लागली, पण अंधारात हिरवी कुठली आणि गुलाबी कुठली. मी आईला म्हटलं, तुझा मोबाइल दे. आईने पाकिटाच्या जागेतून काढून दिला. त्याचा उजेड पाडला. हिरवी सापडली, लावली. हेडफोन माझ्या गळ्यात लोंबत होता, त्यातून तिकडचे आवाज यायला लागले. बाळ किरकिरत होतं. आणि त्या बाई भावाला म्हणत होत्या, अगदी चांगुलपणाने म्हणत होत्या, की बाळ रडायला लागलंय, तोवर मी सांगू का कानात, ताईंचं नंतर फोनवर होईल.

मी टेबलाखालूनच ओरडले, “थांबा. आत्या मी आहे.”

शेजारच्या खोपटातला खेळाचा आवाज थांबला. आईने मला इतक्या मोठ्याने बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मी स्वतः ऐकलं नव्हतं. फक्त ज्यांच्यासाठी ओरडले त्यांना काही ऐकू गेलं नाही, कारण गुलाबी अजून माझ्या हातातच होती.

ती लावली. वर आले. केस विस्कटलेले, कपाळाला जळमट, साडीला धूळ. खुर्चीत बसले, माइक नीट केला आणि पुन्हा म्हणाले, आता ओरडून नाही, पण स्पष्ट, “थांबा. आत्या मी आहे.”

भाऊ पडद्याकडे वळला. ऐकलेलं त्याने तिकडे सगळ्यांना सांगितलं. मग त्याचं तोंड पसरत पसरत कानापर्यंत गेलं. त्या बाईही हसल्या, दोन पावलं मागे सरल्या, आणि भावजयीने बाळाला दोन्ही हातांनी माझ्याकडे केलं, म्हणजे कॅमेऱ्याकडे. भावाने हेडफोन पुन्हा त्याच्या कानाशी नेला.

मी मागे वळून बायांना म्हटलं, हात कोणी उचलायचा नाही, बुक्के नंतर. चुलतीने हात पाठीमागे बांधले. आईने वरवंटा टेबलावर ठेवला आणि खाली वाकून वायर मुठीत धरली, जाळं ओढताना दोर धरतात तशी.

“कुर्र,” मी म्हटलं. आणि नाव सांगितलं. उशीला सांगायची तसंच.

बाळ किरकिरायचं थांबलं. त्याने डोळे उघडले, इकडे तिकडे फिरवले, जसं काही कोणी हाक मारली आणि ती कुठून आली ते त्याला बघायचंय. मग त्याला एक उचकी लागली. भावाने माझ्याकडे बघून मान हलवली आणि म्हणाला, पोहोचलं, बाय.

आई वायर धरून तशीच वाकलेली होती. सोड आता, मी म्हटलं, तेव्हा तिने सोडली आणि डोळे पुसले. त्या हिरव्या साडीतल्या बाईंना तिने वाकून नमस्कार केला. पुढे आल्या म्हणूनही असेल, मागे सरल्या म्हणूनही असेल.

नंतरसाठी ठेवलेले बुक्के मला रस्त्यात मिळाले. कॅफेच्या पायरीपासून रिक्षापर्यंत, एकेकीने आपला वाटा वसूल केला. रिक्षावाला विचारायला लागला की या बाईंनी काय केलं. हे म्हणाले, हिने भाच्याचं नाव ठेवलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, आता तरी सांगशील का. मी सांगितलं. ते एकदा मनात म्हणून बघितलं त्यांनी, मला ओठांवरून कळलं, आणि चांगलं आहे म्हणाले.

कॅफेत अंकलने दुसऱ्याच दिवशी सगळ्या वायरी टेबलाच्या पायांना बांधून टाकल्या. त्यासाठी त्यांनी माझ्याकडून नायलॉनची दोरी मागवली, जाळ्याची, आणि गाठी मारायला मलाच बसवलं. त्या रविवारी भाऊ म्हणाला, आजची युक्ती त्याच्याकडे नाही, माझ्याकडेच आहे, आणि त्याने ऑफिसात स्वतःच्या टेबलाखाली तशी गाठ मारून बघितली, पण ती सुटते. मी त्याला फोनवरून ती गाठ सांगितली. एक्सपासून सुरुवात कर, म्हटलं.

बाळ बोलायला लागलं तेव्हा कोणी शिकवलं माहीत नाही, भावाचाच उद्योग असणार. फोन आला आणि मी उचलला की ते हॅलो म्हणत नाही. ‘कुर्र’ म्हणतं आणि वाट बघतं. मग मी कुर्र म्हणायचं, तोवर पुढे बोलणं नाही. परवा मी विरारच्या बाजारात आईजवळ बसले होते, समोर गिऱ्हाईकं उभी, आणि फोन वाजला. तिकडून कुर्र आलं. आईने कोयता खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. सगळ्यांसमोर, पापलेटांवरून वाकून, मी कुर्र म्हटलं, आणि मागून आईचा एक बुक्का पाठीत बसला.